तीन शब्दांचा केसपेपर

"जे वाचता येत नाही असं अक्षर," डॉक्टर म्हणाले.

"इल्लेजिबल."

"वा. म्हणजे माझं. आता, मोठ्या दुखण्यातून उठून हळूहळू सुधारत असलेला माणूस?"

"कॉन्व्ह... कॉन्व्हलेसंट."

"अडखळलीस. अर्धा मार्क." त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुर्र करून संपवला. "चल, दार उघड. बाजार आहे आज, वाट बघताहेत लोक."

गुरुवार होता. दरेवळणचा बाजार गुरुवारी भरायचा आणि त्या दिवशी खोऱ्यातली सगळी दुखणी आमच्या दारात येऊन बसायची. मिरच्या विकायला आलेली बाई जाताना पाठीची कळ दाखवून जायची, बैल विकलेला बाबा डोळ्यांत औषध टाकून घ्यायचा. बारा खाटांचा तो दवाखाना एका ट्रस्टचा होता. डॉक्टर देवस्थळी, एक कंपाउंडर आणि मी, एवढाच कारभार. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. अठरा महिन्यांचा कोर्स केलेली साधी नर्स, पण दंडाला पट्टी बांधता बांधता मनात मोठ्या शहरातल्या नर्सिंग कॉलेजचे इमले बांधायची.

त्या कॉलेजची प्रवेश परीक्षा इंग्रजीत असे, आणि इंग्रजी म्हटलं की माझी बोबडी वळायची. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दोनशेपानी वही आणून दिली, मधोमध रेघ मारायला लावली आणि म्हणाले, "डावीकडे लांबलचक वाक्य, उजवीकडे त्याच्या जागी बसणारा एक शब्द. रोज पाच. वर्षभरात तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होईल." मग रोज सकाळी चहाच्या वेळी आमचा तो खेळ चाले. आई-बाप नसलेलं मूल, ऑर्फन. संसर्गानं पसरणारा, कॉन्टेजियस. ज्यातून माणूस वाचत नाही असा, फेटल. एकेक शब्द सापडला की मला पेढा मिळाल्यासारखं वाटायचं. आख्खं वाक्य काखोटीला मारून नेणारा एकच शब्द! मी घरी भाकऱ्या थापतानासुद्धा लोकांची लांब वाक्यं मनात कापत बसायची.

डॉक्टरांना तर थोडक्याचं वेडच होतं. दवाखान्याचे केसपेपर छापलेले होते. त्यावर 'तक्रार' या शब्दापुढे तीन ओळी होत्या. दर ओळीला एक शब्द, हा त्यांचा दंडक. "मी पेशंट तपासू की कादंबरी वाचू?" असं म्हणून त्यांनी माझे पहिले काही पेपर परत दिले होते. त्यांचंही चूक नव्हतं. बाजाराच्या दिवशी दीडशे माणसं असत आणि तपासणारे दोनच हात.

तर त्या गुरुवारी दार उघडलं आणि लोंढा आत आला. मी पडवीत टेबल टाकून बसले. नाव, गाव, वय, तक्रार. नाव, गाव, वय, तक्रार. पहिल्या अर्ध्या तासातच आवळसवाडीची तीन माणसं आली, पोट धरून. आदल्या दिवशी त्या वाडीत बारसं होतं आणि वाटाण्याची उसळ बहुधा आंबलेली होती. तिघांनाही उलट्या होत होत्या. डॉक्टरांनी आतून ओरडून सांगितलं, "कुंदा, आवळसवाडीचं कुणीही आलं तरी थेट सलाइनची तयारी ठेव!"

साडेनवाच्या सुमाराला इठाबाई आल्या.

म्हणजे नाव मला नंतर कळलं. आधी दिसली ती पन्नाशीची काटक बाई, नऊवारीचा काष्टा घातलेली आणि पाठीवर अख्खी तरणी मुलगी घेतलेली. एस.टी. स्टँडपासून तिनं लेकीला पाठुंगळी आणलं होतं. तिनं तिला माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसवलं. मुलगी भिंतीला टेकली. मान जराशी मागे, डोळे मिटलेले, हिरव्या बांगड्या भरलेले हात मांडीवर पडलेले.

"नाव?"

"शालन."

"गाव?"

"आवळसवाडी. म्हंजी ह्ये म्हायेर तिचं. सासर तिकडं नदीपल्याड."

आवळसवाडी म्हणताच मी सुटकेचा निःश्वास टाकला. चौथी. मी पेन टेकवलं आणि म्हटलं, "बोला मावशी, काय होतंय? थोडक्यात सांगा."

थोडक्यात सांगणं त्या बाईच्या रक्तातच नव्हतं.

"आवं बाई, पोर चार दिसांसाठी आलीया. काल तुकाच्या घरी बारसं व्हतं, तितं जेवलो समदी. म्या बी जेवले, मला कायबी न्हाई झालं. रातच्याला उकडाय लागलं म्हून ही वाकळ घिऊन दारापाशी भुईवर निजली. म्या म्हनलं, खाटंवर नीज, तर न्हाई म्हनली. पहाटं उठली ती प्वाट धरून. दोनदा वकली. मंग म्हनली, आये, नरड्याखाली थुका उतरंना."

"बरं, पोटात दुखतंय, उलट्या—"

"आयका तरी बाई. डोळं बगा हिचं. डोळं मिटत्यात, उघडाय जाती तर उघडंनात, पर झोप न्हाई हिला. हाक मारली की वळखती, व्हय म्हन्ती. आतनं समदी जागी हाय, निसती पापनीच उचलंना. आसं कंदी बगितलं न्हाई म्या. शालू, आगं बोल की बाईंसंगट."

मुलीच्या ओठांशी काहीतरी हललं. पापण्यांच्या फटीतून बुबुळाची बारीक चकती माझ्याकडे बघत होती. हे मला तेव्हा दिसलं होतं. हे मी आज कबूल करते, कारण पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की दिसलं नव्हतं.

मागे वीसेक माणसं ताटकळली होती. एक म्हातारा काठी आपटत होता. एक मूल भोकाड पसरून रडत होतं. आणि माझ्या डोक्यात सोमवारचे पाच शब्द ताजे होते. त्यातला तिसरा, डावीकडे 'झोपेच्या गुंगीनं ज्याचे डोळे मिटत आहेत असा'. अजून एकदाही वापरायला मिळाला नव्हता. तो आता आपणहून चालत आला होता. मला आनंद झाला. खरंच सांगते, ती बाई जीव तोडून सांगत होती आणि मला आनंद झाला.

मी तीन ओळींवर तीन शब्द लिहिले. व्हॉमिटिंग. पेन. ड्राउझी.

"लिवलं समदं?" इठाबाईंनी विचारलं.

"लिहिलं मावशी. न्या आत."

डॉक्टरांनी पेपरावर नजर टाकली, आवळसवाडी वाचलं, पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली आणि म्हणाले, "सलाइन." उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाला ग्लानी येतेच. मी शालनला पाच नंबरच्या खाटेवर निजवलं आणि सुई लावली. इठाबाई उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. मी जाता-येता दोनदा त्यांना म्हटलं, "झोपू द्या तिला." दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "झोप न्हाई तिला बाई." दुसऱ्या वेळी मी जरा त्रासूनच, "बरं बरं," म्हणाले.

साडेबाराला त्यांची हाक आली. डॉक्टर उठले, मी त्यांच्यामागे. शालनच्या तोंडातून लाळ गळत होती आणि छाती उगाच हलल्यासारखी हलत होती. डॉक्टरांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "बाळा, ऐकू येतंय? येत असेल तर माझं बोट दाब." बोट दाबलं गेलं. त्यांनी अंगठ्यानं तिची पापणी वर केली, सोडली. ती शटर पाडल्यासारखी खाली आली. त्यांनी पुन्हा वर केली, पुन्हा सोडली. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा मी त्याआधी किंवा त्यानंतर तसा कधीच पाहिला नाही.

"भुईवर झोपली होती का ही?" त्यांनी इठाबाईंना विचारलं.

"व्हय की. दारापाशी."

"मण्यार," डॉक्टर म्हणाले. "कुंदा, फ्रिज. लस. पळ."

मण्यार हा साप रात्री निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. डसला तरी दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, उलट्या होतात. मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास. माणूस मात्र आतून टक्क जागा असतो. हे सगळं मला त्या दुपारनंतर पाठ झालं. सापाच्या विषावरच्या लसीच्या बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. माझ्या टेबलापासून फ्रिज अकरा पावलांवर होता. नंतर मी ती पावलं मोजली.

लस दिली, जीप बोलावली, डॉक्टर स्वतः तिच्या तोंडावर रबरी पिशवी धरून, ती दाबून श्वास देत जिल्ह्याच्या गावापर्यंत तिच्याबरोबर गेले. घाट उतरतानाच ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला डॉक्टर परतले. बाजार उठला होता, पडवीत कांद्याच्या साली पडल्या होत्या आणि मी त्या झाडत होते. ते त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांच्या हातात तो पेपर होता.

"कुंदा, इकडे ये."

मी गेले.

"मी बघायला हवं होतं. पापणी वर करून बघायला हवी होती. आवळसवाडी वाचलं आणि डोळे मिटले मी माझे." त्यांनी पेपर टेबलावर सपाट केला. मग म्हणाले, "पण एक सांग. आईनं डोळ्यांबद्दल काही सांगितलं होतं का? उघडत नाहीत, पण झोप नाही, असं काही?"

त्या महिन्याच्या अखेरीस ते माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिणार होते. त्या पत्रावर माझं सगळं अडलेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पत्रसुद्धा आठवलं नाही. मला फक्त एवढंच कळलं की 'हो' म्हटलं तर त्या मुलीचं मरण कायमचं माझं होईल.

"नाही सर," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. पेपराची घडी घालून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.

दहाव्या दिवशी इठाबाई मृत्यूच्या दाखल्यासाठी आल्या. डॉक्टरांनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, हात जोडले. मी दारात उभी होते. आपली चूक त्यांनी जशीच्या तशी सांगितली, काही लपवलं नाही. पण शेवटी, अगदी हळू आवाजात, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, डोळ्यांचं तेवढं सांगितलं असतंत, तर कदाचित माझ्या लक्षात आलं असतं."

इठाबाईंनी मान वर केली. आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड किंचित उघडलं, काहीतरी आठवू लागल्यासारखं. मी खाली बघितलं. त्यांनी दाखला घेतला, केसपेपरही मागून घेतला आणि दोन्ही कमरेला खोचून निघून गेल्या.

त्या दिवसापासून खेळ बंद पडला. डॉक्टर चहा पीत, मी वही घेऊन बसे, पण ते वाक्य टाकत नसत आणि मीही मागत नसे. पत्र मात्र त्यांनी लिहिलं. परीक्षा झाली, मी पास झाले. एकशब्दी उत्तरांच्या प्रश्नाला वीसपैकी वीस मार्क पडले. दिवाळीनंतर कॉलेजात दाखल व्हायचं होतं. आईनं ट्रंक घेतली, मामानं स्वेटर आणला. घरात माझं कौतुक मावत नव्हतं आणि मला अन्न गोड लागत नव्हतं. रात्री डोळे मिटले की वाटायचं, आता उघडणार नाहीत. मग मी ते उघडून पडून राहायची.

दिवाळीच्या आधीचा गुरुवार माझा दवाखान्यातला शेवटचा बाजार होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी 'तक्रार' लिहीत होते, आणि समोर इठाबाई येऊन उभ्या राहिल्या.

तीन महिन्यांत बाई निम्मी झाली होती. त्यांच्या मागच्या माणसाला वाटलं त्या पेशंट आहेत, म्हणून तो निमूट थांबला. मलाही तसंच वाटलं, म्हणजे वाटावं अशी इच्छा होती.

"काय होतंय मावशी?"

"मला कायबी व्हत न्हाई." त्यांनी कमरेची घडी काढली. केसपेपर घामानं मऊ पडला होता, घडीच्या रेघांवर फाटायला आला होता. "ह्ये वाचून दाव."

"हे इंग्रजीत आहे मावशी."

"म्हून तर तुज्याकडं आणलं. म्या त्या दिशी जे जे सांगितलं ते तू लिवून घेतलंस. मला आता आठवंना झालंय. आमच्या मास्तराकडं नेला, तर त्यो म्हनला, तीनच शब्द हायती. म्या म्हनलं, आवं मास्तर, म्या येवढं बोलले, तीन शब्दांत कसं मावंल? तुमास्नी इंग्रजी येत न्हाई. तू लिवलंस, तूच वाच."

मी पेपर उलगडला. व्हॉमिटिंग, पेन, ड्राउझी. अक्षर सुंदर होतं, वळणदार. मी पेपरावर नजर ठेवली आणि वाचू लागले.

"पोर चार दिवसांसाठी आलेली आहे. काल तुकाच्या घरी बारसं होतं, तिथे सगळी जेवलो. मीपण जेवले, मला काही झालं नाही."

"व्हय," इठाबाई म्हणाल्या. त्या टेबलाला धरून उभ्या होत्या.

"रात्री उकडायला लागलं म्हणून ही वाकळ घेऊन दारापाशी भुईवर झोपली. मी म्हटलं खाटेवर झोप, तर नाही म्हणाली."

"न्हाईच म्हनली. हट्टी व्हती."

"पहाटे उठली ती पोट धरून. दोनदा ओकली. मग म्हणाली, आये, नरड्याखाली थुंकी उतरत नाही." मला एकेक शब्द पाठ होता. तीन महिने मी दुसरं केलंच काय होतं? तिथवर आले आणि माझी जीभ अडली. पुढचं वाक्य समोर उभं होतं, पण ते तोंडातून निघेना. "एवढंच," मी म्हणाले आणि पेपराची घडी घातली.

इठाबाई हलल्या नाहीत.

"आन् डोळ्याचं?"

मी घडी अंगठ्यानं दाबत राहिले.

"डोळ्याचं न्हाई त्यात? नीट बग बाई. पाठीमागं आसंल."

मी पेपर पुन्हा उलगडून उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनाही दिसली.

"मंग डाक्टर म्हनलं तेच खरं," त्या म्हणाल्या. आवाज रडका नव्हता, अगदी सरळ होता, हिशोब लागल्यावर माणूस बोलतो तसा. "म्या सांगितलंच न्हाई. मला वाटायचं सांगितलं. रोज रातच्याला वाटायचं, सांगितलं व्हतं की! पर बगा, न्हाई. बारशाचं सांगत बसले, वाकळंचं सांगत बसले, आन् पोरीच्या डोळ्याचं तेवढं इसरले. माज्या तोंडानंच खाल्ली तिला. जावाई म्हनतो, आत्ती, तुमी यवडं बोलता, तवाच कशी वाचा बसली? आता सांगते त्याला, व्हय बाबा, बसली."

त्यांनी पेपरासाठी हात पुढे केला. मागचा माणूस म्हणाला, "आटपा की बाई." मी तो पेपर दिला असता तर त्या निघून गेल्या असत्या. आठ दिवसांनी मीही गेले असते. दोघींची पुन्हा गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

"तुम्ही सांगितलं होतंत," मी म्हणाले.

"काय?"

"सांगितलं होतंत मावशी. डोळं मिटत्यात, उघडाय जाती तर उघडंनात, पर झोप न्हाई हिला. हाक मारली की वळखती, व्हय म्हन्ती. आतनं समदी जागी हाय, निसती पापनीच उचलंना. आसं कंदी बगितलं न्हाई म्या." मी त्यांच्याच बोलीत बोलत होते, कारण मला ते तसंच ऐकू येत होतं. "मग तुम्ही म्हणालात, शालू, बोल की बाईंसंगट."

इठाबाई मटकन बाकावर बसल्या. त्याच बाकावर.

"म्या सांगितलं व्हतं?"

"हो."

"आसंच?"

"असंच."

"सांगितलं व्हतं म्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग ढसाढसा रडायला लागल्या. मला वाटलं आता त्या माझ्या तोंडात मारतील. मी वाट बघत होते. पण त्या रडत होत्या ते सुटल्यासारख्या. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "मंग लिवलं का न्हाईस?"

"मी एक नवा शब्द शिकले होते. तो लिहिला."

"त्याचा अर्थ काय?"

"झोप आलेली."

"पर तिला झोप न्हवती."

"नव्हती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. फक्त न समजणं होतं, निव्वळ न समजणं. मग त्या उठल्या, माझं मनगट धरलं आणि मला डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या. आत स्टुलावर एक गडी सदरा काढून बसला होता. डॉक्टरांनी कानातली नळी काढली.

"ह्यास्नी सांग," इठाबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. बारशापासून पापणीपर्यंत, एकही शब्द न गाळता. आणि मग, त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'नाही' म्हणाले, तेही. दीड वर्षात पहिल्यांदाच डॉक्टरांनी माझं एवढं लांब बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. सदरा काढलेला गडीसुद्धा श्वास रोखून बसला होता.

"आता लिव," इठाबाईंनी पेपर टेबलावर ठेवला. "मराटीत. जावयाला वाचता आलं पायजे."

डॉक्टरांनी स्वतःचं पेन पुढे केलं. कोऱ्या बाजूवर मी लिहायला लागले. इठाबाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, मी लिहीत होते, आणि ते पान भरलं. खाली त्यांनी मला सही करायला लावली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "तुमी बी करा." डॉक्टरांनी सही केली. बाईंनी पेपर फुंकर घालून वाळवला, घडी घातली, कमरेला खोचला.

"येते. साडेअकराची यष्टी हाय," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मला त्या काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. शिवी नाही, शाप नाही. त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी त्या गड्याला सदरा घालायला सांगितला आणि पाच मिनिटं बाहेर बसवलं. मी म्हटलं, "सर, ते पत्र मागे घ्या."

"पत्रात मी लिहिलंय की तुला शब्द येतात. ते खरंच आहे," ते म्हणाले. "जायचं की नाही ते तुझं तू ठरव." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जागेपणी पापण्या पडणं, उचलता न येणं. त्याला एक शब्द आहे, कुंदा. टोसिस. वर्षभर मी तुला ऑर्फन शिकवलं, इल्लेजिबल शिकवलं. हा शिकवला नाही. सुचलाच नाही."

मी गेले. शिकले, तीस वर्षं वॉर्ड सांभाळले, पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. माझे केसपेपर पाठपोट भरलेले असत. तरुण डॉक्टर मागून मला 'पुराणबाई' म्हणत, ते मला ठाऊक होतं. मुली शब्दांच्या याद्या पाठ करून येतात, फटाफट उत्तरं देतात आणि हरखून माझ्याकडे बघतात. मी त्यांना शाबासकी देते. मग रात्री पापण्या मिटायला लागल्या की मी उठून दिवा लावते.

ती दोनशेपानी वही अजून माझ्याजवळ आहे. बाजाराच्या त्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी मी तिच्यात शेवटचं वाक्य उतरवलं, डावीकडे, इठाबाईंच्या बोलीत, जसंच्या तसं. पाच ओळी झाल्या. रेघेच्या उजवीकडची जागा कोरी आहे. शब्द मला येतो.